तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्याचा कॅन्सर होता, मग अण्णा लिव्हरने कसे गेले?

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला गेले की कोणीतरी हे विचारतंच. पाठोपाठ आवाज खाली येतो, "घेत होते का हो?" नाही. चहा सोडला तर अण्णांना कसलंही व्यसन नव्हतं.

त्यांच्या डोळ्याच्या आत, पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात मेलॅनोमा होता, रंगपेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो विरळाच. त्या थरात लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, नसतात, म्हणून या पेशी रक्तातूनच पसरतात, आणि पसरला की दहातल्या सुमारे नऊ जणांच्या लिव्हरमध्ये जातो. अण्णांच्या लिव्हरमध्ये डोळ्याच्याच पेशी वाढल्या होत्या.

"डोळ्याला सुरी लावली म्हणून पसरला," असं म्हणणाऱ्यांशी मी आता सरळ भांडते. गाठ सापडण्याआधीच काही पेशी निसटलेल्या असू शकतात आणि दहा-दहा वर्षं गप्प बसतात. मध्यम आकाराच्या गाठींवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली; डोळा काढला काय नि किरणोत्सर्गी चकती शिवून वाचवला काय, जगण्यात फरक पडला नाही. तशी रुथेनियमची चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बनवली आहे. अण्णांची गाठ चकतीला जुमानण्यातली नव्हती, म्हणून डोळा काढावा लागला.

धाकटे काका आपलं अर्धं लिव्हर द्यायला निघाले होते. पण पेशी रक्तातून फिरलेल्या, त्यात नवं लिव्हर टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची. कॅन्सरला रानच मोकळं. 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टेबेंटाफस्प हे औषध ठरावीक ऊतकप्रकार, म्हणजे पेशींवरची जन्मजात खूण, असेल तरच चालतं. अण्णांचा तो नव्हता.

मग पाय सुजले, पोटात पाणी झालं, उरलेला डोळा पिवळा पडला. कावीळ म्हणून कोणी माळ आणली, कोणी पाला. माळ आईने बांधू दिली, पाला पोटात जाऊ दिला नाही. ते बरंच केलं.

अवघड होतं ते डोक्याचं. दिवसा झोपायचे, रात्री उठून भरती कधीची विचारायचे, हात पुढे धरले की फडफडायचे. लोक म्हणाले, भ्रम झाला. खरं तर लिव्हर रक्त साफ करेनासं झालं की आतड्यात तयार होणारा अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. त्यावर लॅक्टुलोज. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होईल इतकंच द्यायचं, पाण्यासारखे जुलाब होईतो नाही. जमलं त्या दिवशी अण्णा मला नावाने हाक मारायचे. "मरणाऱ्या माणसाला कसलं गं जुलाबाचं औषध पाजतेस?" म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंना मी तेवढंच सांगितलं.