उपासाचं ताट

एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने आधी आमच्या स्वयंपाकघरात डोकावून बघितलं असणार. सकाळी चहासोबत बटाट्याचा चिवडा, दुपारी खिचडी आणि दही, चारला वेफर्स (ते काय, नुसतं तोंडात टाकायला), रात्री वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी आणि झोपताना राजगिऱ्याचा लाडू, कारण 'दिवसभर काही खाल्लंच नाही'. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पोट जड, घशाशी आंबट, आणि तरी घरातलं कोणीतरी ठामपणे सांगणार की उपासाने पोटाला आराम मिळतो.

मिळतो ना, पण उपास केला तर! हल्ली व्हॉट्सॲपवर उपासाचे फायदे पटवायला नोबेलचा दाखला फिरतो. नोबेल खरंच मिळालंय, २०१६ साली, जपानच्या योशिनोरी ओसुमींना, आपल्या पेशी स्वतःचेच जुने झालेले भाग मोडून परत वापरात कसे आणतात ते उलगडून दाखवल्याबद्दल. फक्त त्यांचे मूळ प्रयोग होते यीस्टवर, आणि त्या यीस्टला त्यांनी खरंखुरं उपाशी ठेवलं होतं, मधे कोणी साबुदाणा वडा नेऊन दिला नव्हता.

आणि गंमत बघा, आपण ज्याला परंपरागत फराळ म्हणतो त्यातलं बहुतेक सगळं अमेरिका खंडातून आलेलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, सगळे तिकडचे. साबुदाणाही टॅपिओका नावाच्या कंदाचा, तो कंदही मूळचा तिकडचाच, आता आपल्याला साबुदाणा येतो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमहून. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ साली, म्हणजे त्यांच्या एकादशीला खिचडी असणं शक्यच नाही, कोलंबस निघायलाच अजून दोनशे वर्षं होती. बरं, बटाटा आणि मिरची आत आले मग त्यांचाच भाऊबंद टोमॅटो बाहेर का? कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात चालत नाही, आणि दोन्ही आज्या आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर. या भानगडीत मी पडत नाही.

मला खिचडी प्रचंड आवडते हे आधीच सांगते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी आणि प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. खिचडीची लाज राखतो तो दाण्याचा कूट, शेंगदाण्यात १०० ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून कूट टाकताना हात आखडायचा नाही, साबुदाणा टाकताना आखडायचा, आणि बाजूला काकडीची कोशिंबीर भरपूर. रताळी तुपात-साखरेत घोळवण्यापेक्षा नुसती उकडून छान लागतात. चहाच्या ऐवजी ताक, कारण रिकाम्या पोटी चारदा चहा घेऊन पित्त होतं आणि बिल फाडलं जातं उपासाच्या नावावर.

भगर मात्र सुटी आणू नका, सीलबंद पाकीट तारीख बघून घ्या. दमट जागी पडून राहिली की बुरशी धरते, पिठाला तर जास्तच पटकन, आणि नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ज्यांना शुगर आहे, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास धरूच नये, शुगर एकदम खाली जाते आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. यात संकष्टी सगळ्यात वाईट, दिवसभर पोटात नीट काही नाही आणि मग चंद्रोदय होणार नऊ-साडेनऊला, त्यात पावसाळा असेल तर चंद्र काही दिसत नाही, पंचांगातली वेळ बघून आरती, आणि त्यानंतर वरणभात, भाजी, मोदक असं पूर्ण ताट घेऊन दहाला अंथरुणात. यात कुठल्या अवयवाला आराम मिळाला मला कोणीतरी दाखवा.

माझ्या मते सगळ्यात शहाणा उपास ऋषिपंचमीचा. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही एवढाच नियम, पण त्यातून ताटात काय येतं तर अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, भोपळा, दोडका, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, आंबटपणाला चिंच किंवा अंबाडी, फोडणी जवळजवळ नाहीच. भाद्रपदात आलेल्या सगळ्या भाज्या एका पातेल्यात. वर्षातून एकदाच करतात आणि त्या दिवशी मंडईत माठाच्या जुडीचा भाव विचारायची सोय नसते. दर एकादशीला हीच भाजी करूया असं मी घरात सुचवून बघितलं, तर मुलांपासून सासूबाईंपर्यंत सगळे एका सुरात, मग खिचडीचं काय?