जागा आहे, पण ओळ नाही

निपाणीच्या एका सोसायटीचा सर्व्हर. त्यावरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 20.04 आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट 2025 च्या मे महिन्यात संपला, म्हणून शनिवारी रात्री 22.04 चं अपग्रेड लावलं. आमचा पोरगा तिथं बसलेला, मी बेळगावात, टिळकवाडीत घरी. दीडला फोन वाजला.

"सर, थांबलंय की. जागा नाही म्हणतंय."

व्हॉट्सॲपवर फोटो आला. तिरका, वर ट्यूबलाइटची चमक. वाचता येणारी ओळ एकच: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. अर्धवट झोपेत मी म्हणालो, "जुने लॉग उडव आणि परत लाव." लॉग म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, चूक तिथंच सापडते; दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते. पोरानं नशिबानं फक्त जुन्या, दाबून ठेवलेल्या जीझिप फायली पुसल्या. थोडी पॅकेजं, म्हणजे अपग्रेडचे सुटे भाग, पुढं सरकली आणि परत तीच ओळ.

सकाळी वंटमुरीचा घाट, हत्तरगीचा टोल, संकेश्वर करत निपाणी गाठली. आधी सगळे लॉग एका गठ्ठ्यात घ्यावेत म्हणून सॉस रिपोर्ट चालवला, तर तोही त्याच ओळीवर मेला. त्याला आपली कच्ची फाईल टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरात लिहायची असते, आणि टीएमपी डिस्कच्या त्याच भागावर. मग सर्व्हरवर काहीच न लिहिता टारनं फायलींचा गठ्ठा करत तो एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून थेट माझ्या लॅपटॉपवर ओढला.

डिस्ट-अपग्रेड फोल्डरातला टर्मिनलचा लॉग शेवटून वाचला तर नुसती रडारड, एकावर एक अवलंबून असलेली पॅकेजं. वरून वाचत आलो तेव्हा पहिली चूक सापडली: डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, एक नवी फाईल तयार करता आली नव्हती. छोटीशीच. चालू लॉगमध्ये मात्र ओळी पडतच होत्या. म्हणजे जुन्या फायलीत लिहिता येतंय, नवी उघडता येत नाही. डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ मारलं, 20 जीबीतली निम्मी रिकामी. डीएफला आय जोडून मारलं, आयनोड, म्हणजे दर फाईलला लागणारी एक नोंद, 100 टक्के वापरलेले.

मॅनेजरसाहेब दारात उभे. "जागा हाय म्हणता, मग अडलंय कशाला?"

"साहेब, वखारीत जागा आहे, पण आवकवहीच्या ओळी संपल्यात. माल ठेवायचा तर नोंद कुठं करायची?"

तंबाखूच्या गावात हे लगेच कळलं. "मग वही कुणी भरली?"

मलाही तेच बघायचं होतं. या एक्स्टफोर पद्धतीच्या डिस्कवर ओळी साधारण 13 लाख, फॉरमॅट करतानाच ठरलेल्या. त्यातल्या दहा लाखांवर एकाच फोल्डरात, वेब सॉफ्टवेअरच्या सेशन फायली (पान उघडणाऱ्याची तात्पुरती नोंद), बहुतेक शून्य बाइटच्या. सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेतलं; तिच्या नेहमीच्या सेशन फोल्डराची सफाई आपोआप होते, हा फोल्डर वेगळा होता. कुणी कुठलं पान मागितलं ते सांगणारा ॲक्सेस लॉग उघडला. दर मिनिटाला, सर्व्हरवरूनच, लॉगिनच्या पानाला एक हाक. दिवसाला 1440 हाका, प्रत्येक हाकेला एक नवी फाईल.

पुसायच्या आरएम कमांडनं इतक्या फायली एका दमात घेतल्या नाहीत, फाइंड कमांडनं पुसल्या. डीपीकेजी कॉन्फिगर करून अपग्रेड पुरं व्हायला संध्याकाळ झाली. सोमवारी काऊंटर वेळेवर उघडला.

क्रॉनटॅबमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली, त्या हाका मारणारी ओळ निघण्याआधी पोरानं पाहिली. वर शेरा होता: 'सॉफ्टवेअर चालू आहे का तपासणे', आणि पुढं माझी आद्याक्षरं. दोन वर्षांपूर्वी मीच लावलेली. पोरगा काही बोलला नाही, चहा सांगायला गेला.