तुम्ही विचारलेत म्हणून: कराओकेच्या सरावाला कोणते जपानी गाणे घ्यावे?

पुण्यात जपानी भाषा शिकवताना व्याकरणाच्या शंकांखालोखाल मला विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “सेन्सेई, बाईच्या आवाजाला शोभेल असे कराओकेचे एखादे गाणे सांगा ना.” विचारणाऱ्या बहुतेक जणी स्वतःच्या नोकरीसाठी किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे जपानला निघालेल्या असतात. वर्षअखेरीच्या मेजवानीनंतर, म्हणजे बोनेनकाईनंतर, कचेरीतली मंडळी दुसऱ्या बैठकीसाठी कराओकेच्या खोलीत जातात आणि तिथे माइक फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. मी नावांची यादी देण्याचे टाळते, कारण यादीतले गाणे दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यासाठी निवडलेले असते. गाणे निवडताना शब्दांचा वेग आधी तपासावा, मग सर्वांत खालचा स्वर. वरच्या स्वराची काळजी यंत्रावर सोडता येते. बाकी सगळे याच्या पुढचे.

वेगापासून सुरुवात करण्याचे कारण असे की नवशिकी बाई जे गाणे आवडते तेच सरावाला घेते, आणि हल्ली आवडते गाणे म्हणजे ॲनिमेतले (जपानी ॲनिमेशनमधले) किंवा योआसोबी या जोडीच्या ‘योरु नि काकेरु’सारखे (2019). त्या गाण्यात मिनिटाला सुमारे 130 ठोके पडतात, ठोक्यागणिक शब्द ठासून भरलेले असतात आणि चाल मध्येच मोठ्या उड्या घेते. ऐकायला ते सोपे वाटते. म्हणायला लागले की दुसऱ्या ओळीतच जीभ मागे राहते. जपानी गाण्यात साधारणपणे एका मात्रेला एक सूर मिळतो. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा होतात, शब्दात येणाऱ्या ‘न्’ची स्वतंत्र मात्रा धरतात आणि जोडाक्षराआधीच्या क्षणभराच्या अडखळण्याचीही एक मात्रा मोजली जाते. मात्रावृत्ते ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हा हिशेब परका नाही, परंतु आपल्याकडे अनुस्वार आधीच्या अक्षराला गुरू करून मोकळा होतो, तर जपानी चालीत त्या ‘न्’साठी वेगळा सूर राखून ठेवलेला असतो आणि तो नाकातून नीट धरावा लागतो. ही सवय संथ गाण्यातच लागते. (‘त्सु’ या अक्षराला घाबरू नका; ‘चमचा’तला च ज्याला म्हणता येतो त्याला ते जमते, आणि याबाबतीत आपण इतर अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या पुढे आहोत.)

म्हणून सरावाचे पहिले गाणे म्हणून मी बहुधा यो हितोतो यांचे ‘हानामिझुकी’ (2004) किंवा रिमी नात्सुकावा यांनी 2001 मध्ये गायलेले ‘नादा सोओसोओ’ सुचवते. दोन्ही संथ आहेत आणि दोन्हींत शब्दांना श्वास घ्यायला जागा आहे. ‘नादा सोओसोओ’चे शब्द र्योको मोरियामा यांनी आपल्या दिवंगत भावाच्या आठवणीत लिहिले, चाल बिगिन या ओकिनावाच्या गटाची आहे आणि शीर्षकही ओकिनावाच्या बोलीतले आहे. हे ठाऊक असले की गाणे उगाच रडवे करण्याचा मोह आवरतो, कारण दुःख शब्दांतच पुरेसे आहे. उच्चारांसाठी मात्र तेरेसा तेंग यांच्याइतकी चांगली शिक्षिका मला दिसत नाही. त्या तैवानच्या, जपानी त्यांची मातृभाषा नव्हती. त्यामुळेच की काय, ‘तोकि नो नागारे नि मि ओ माकासे’ (1986) या गाण्यात त्यांची प्रत्येक मात्रा सुटी आणि स्वच्छ ऐकू येते.

आता खालच्या स्वराकडे येऊ. लताबाईंची गाणी गुणगुणत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना बाईचा आवाज म्हणजे उंच आवाज असे मनोमन वाटत असते, आणि जपानी गाणे निवडतानाही हात आपोआप उंच आवाजाच्या गायिकांकडे जातो. वास्तविक जपानमध्ये खालच्या आवाजात गाणाऱ्या स्त्रियांची भक्कम परंपरा आहे. मोमोए यामागुची यांनी 1980 मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, गाणे सोडले, पण त्यांचे ‘इइ हि ताबिदाची’ (1978) त्या गडद, थोड्या दबलेल्या आवाजामुळेच अजून म्हटले जाते. मियुकी नाकाजिमा यांच्या ‘इतो’ची (1992) सुरुवात इतकी खाली आहे की ज्यांना ध्रुवपद, म्हणजे जपानी लोक ज्याला साबी म्हणतात ते, सहज जमते, त्याच बायका पहिल्या ओळीत ऐकू येईनाशा होतात. वरचा स्वर न लागला तर आवाज फाटतो आणि चूक लगेच कळते. खालचा स्वर न लागला तर नुसती हवा बाहेर पडते आणि आपण गातो आहोत असा भास टिकून राहतो, म्हणून तो आधी तपासावा.

आणि गाणे गळ्यात बसत नसेल, तर पट्टी बदला. याविषयीचा संकोच मला कधीच समजलेला नाही. हार्मोनियमवर काळी चार जड जात असेल तर आपण निमूटपणे काळी तीन धरतो. कराओकेच्या यंत्रावर तेच काम पट्टीचे बटण दोनदा खाली दाबल्याने होते, कारण एका दाबाला अर्धा स्वर सरकतो. पुरुषाने गायलेले गाणे घेतलेत तर बहुधा चार-पाच अर्धस्वरांचा बदल लागतोच, आणि तो वर करावा की खाली, हे दोन्ही करून पाहिल्याशिवाय ठरत नाही. कराओकेचा जन्मच मुळी गाणाऱ्याच्या सोयीसाठी झाला आहे. कोबेच्या क्लबांत साथ करणारे दाइसुके इनोउए एका व्यावसायिकाच्या गाण्याला नेमकी साथ देत असत. त्या गृहस्थांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीवर गायचे होते, तेव्हा इनोउए यांनी त्यांच्या गळ्याला मानवेल अशी साथ टेपवर भरून दिली, आणि त्यातून 1971 मध्ये त्यांचे नाणे टाकून चालणारे यंत्र उभे राहिले. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, ही वेगळीच हळहळ.

ज्या शास्त्रीय संगीत शिकलेल्या आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. क्यू साकामोतो यांचे ‘उए ओ मुइते आरुकोओ’ (1961) हे गाणे 1963 मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या सुरुवातीच्या ओळी भूपाच्याच पाच स्वरांत फिरतात, म्हणून ते आपल्या मुलींना चटकन चढते. जुन्या लोकप्रिय जपानी गाण्यांत मध्यम आणि निषाद वगळलेले हे पंचस्वरी वळण वारंवार भेटते. धोकाही तिथेच आहे. ओळखीचे स्वर लागताच गळा मुरक्या घेऊ लागतो, प्रत्येक स्वर मींडेने जोडला जातो आणि मात्रांचा सुटेपणा नाहीसा होतो. कराओकेचे गुण देणारे यंत्र खालून सरकत स्वरावर येण्याला ‘शाकुरी’ आणि एन्का, म्हणजे जुन्या ढंगाच्या भावुक जपानी गाण्यांतल्या छोट्या हरकतींना ‘कोबुशी’ म्हणून मोजते खरे, पण पडद्यावर स्वराची उंची दाखवणाऱ्या सरळ रेषांवर स्वर स्थिर न ठेवता केलेल्या अशा करामतींनी गुण वाढत नाहीत आणि ऐकणाऱ्यांनाही ते रुचत नाही. एन्काच शिकायचे असेल तर सायुरी इशिकावा यांचे ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’ (1977) घ्या, आणि हरकत कुठे आहे यापेक्षा ती कुठे नाही हे ऐका. टोकियोतल्या उएनोहून निघालेली रात्रीची गाडी, आओमोरीचे बर्फ आणि होक्काइदोला जाणारी बोट हे सगळे त्यात सपाट आवाजात सांगितले जाते; गळा हलतो तो अगदी मोजक्या जागी.

खोलीत कोण बसले आहे, याचा विचार गाण्याइतकाच करावा. लग्नानंतरच्या मेजवानीत वियोगाची गाणी म्हणू नयेत, कारण तुटणे, संपणे, दुरावणे असे शब्द त्या प्रसंगी जपानी लोक कटाक्षाने टाळतात. हिकारू उतादा यांचे ‘फर्स्ट लव्ह’ (1999) कितीही गोड असले तरी ते सरलेल्या प्रेमाचे गाणे आहे. ‘इतो’ मात्र अशा प्रसंगी नेहमी म्हटले जाते. वरिष्ठांचे हातखंडा गाणे आपण आधी म्हणून टाकू नये. गाण्यातली व्यक्ती स्वतःला ‘बोकु’ म्हणजे पुरुषी ‘मी’ म्हणवते, म्हणून बाईने ते गाणे टाळावे, असे मात्र काही नाही; तिथल्या गायिका अशी गाणी सर्रास गातात.

सरावासाठी जपानमध्ये एकटीने कराओकेच्या खोलीत जाणे हा उत्तम मार्ग आहे. ‘हितोकारा’, म्हणजे एकट्यानेच केलेले कराओके, तिथे सर्वमान्य आहे, आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारचे दर संध्याकाळपेक्षा बरेच कमी असतात. (अशा स्वतंत्र खोल्यांची सुरुवात 1985 च्या सुमारास ओकायामात मालवाहू कंटेनरपासून झाली; सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या शहराशी असलेल्या पुण्याच्या मैत्रीची खूण आहे, ते हेच ओकायामा.) पहिल्या वेळी मार्गदर्शक सूर, म्हणजे यंत्र साथीबरोबर वाजवते ती गाण्याची चाल, चालू ठेवून गा, दुसऱ्या वेळी तो बंद करा, आणि कांजी या चित्राक्षरांवर उच्चारासाठी दिलेल्या बारीक हिरागाना अक्षरांवर अवलंबून राहू नका, कारण पडद्यावरची ओळ वाचून होईपर्यंत ती गाण्यात सरून गेलेली असते, शब्द घरीच देवनागरीत लिहून पाठ करावेत. एक छोटी वही जवळ ठेवा आणि गाण्याच्या नावापुढे आपल्याला मानवलेल्या पट्टीचा आकडा लिहा, मात्र तो मूळ पट्टीपासून मोजलेला असू द्या, कारण काही गाणी यंत्र मूळ पट्टीऐवजी त्याला सोयीच्या वाटणाऱ्या पट्टीत सुरू करते, आणि मूळ पट्टीचे बटण आधी दाबले नाही तर वहीतला उणे दोन आपल्याला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो.