कागदाच्या पॅकिंगसाठी फुल इंजिन?

"चेतकचं एक पॅकिंग बदलायला फुल इंजिन कशाला खोललंत? बाहेरून सिलिकॉन फासलं असतं तर भागलं नसतं का?" हे मला पार्किंगमध्ये विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्यानेही विचारलं. एरवी हसून वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

गाडी बाबांची, १९८९ ची, टू-स्ट्रोक. रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज खाली यायचा नाही. कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, स्क्रू फिरवून फिरवून झिजला. मग एक दिवस खंबाटकी चढताना पिस्टन जाम झाला आणि आम्ही टेम्पोतून घरी आलो. जमिनीवर तेलाचा एक थेंब नव्हता, म्हणून पॅकिंगचा संशयसुद्धा कुणाला आला नाही.

इथेच गफलत होते. पॅकिंग म्हणजे तेल अडवणारा कागद, असं आपण धरून चालतो. पण टू-स्ट्रोकचं चेंबर, म्हणजे पिस्टनखाली क्रँकचा दांडा फिरतो ती बंद पेटी, श्वास घेतं. पिस्टन वर गेला की चेंबर पेट्रोल-हवा आत ओढतं, खाली आला की तीच दाबून ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या नळकांड्यात, चढवतं. चेतकमध्ये तर वेगळा व्हॉल्व्हही नाही. क्रँकचीच घासून गुळगुळीत केलेली कड फिरता फिरता कार्ब्युरेटरची वाट उघडते आणि बंद करते. अशा चेंबरला कुठे बारीक फट पडली, की ते फुकटची हवा खेचतं. मिश्रण पातळ होतं. लिटरमागे २० मिली ऑइल आपण पेट्रोलमध्येच टाकतो, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. इंजिन छान पळतंय असं वाटत असतं, आणि आत पिस्टन भाजत असतो.

क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात. क्लचकडचं सील गेलं तर उलटा प्रकार: चेंबर गिअर ऑइल पितं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडतं. मॅग्नेटकडचं गेलं तर पुन्हा हवाच. म्हणून चेंबर खोललंच तर दोन्ही सील बदलायची, जुनं कितीही चांगलं दिसो.

आता तुमचा मूळ प्रश्न. चेंबरचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथलं पॅकिंग चेंबर फोडल्याशिवाय बदलता येत नाही. माझं नेमकं तेच गेलं होतं. हाफ इंजिनमध्ये, म्हणजे नुसता ब्लॉक-पिस्टन काढून, ते हाताला लागतच नाही. आणि सिलिकॉन? साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, सुटतं, आणि जास्तीचं आत पिळून गेलं तर त्याचा तुकडा कुठे जाईल ते तुम्हीच ठरवा.

बरं, नवीन पॅकिंग बसवणं हे काम नव्हेच. नाना पेठेतून सेट आणला, अर्ध्या तासात बसला. काम आहे ते जुनं काढण्याचं. तीस वर्षं शेलॅकचा चिकट लेप लावून दाबलेला कागद दगडासारखा होतो. खाली मऊ अॅल्युमिनियम. मी उतावळेपणाने दोन अर्ध्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून तिरकं दाबलं, आणि सांध्यावर नखाला लागेल असा ओरखडा उठला. स्वतःच्या हाताने. त्यानंतर थिनरमध्ये भिजवलेली चिंधी, जुनं ब्लेड, आणि तीन संध्याकाळी.

ब्लॉकखालच्या पॅकिंगची जाडीही बघावी लागते. मेस्त्री लोक लग्नपत्रिकेवर हातोडीने हलके ठोके मारून पॅकिंग कापतात, बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका. कला म्हणून मला ती फार आवडते. पण चेतकचा बोअर (नळकांड्याचा व्यास) ५७ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५७, आणि या मापात पत्रिका जाड निघाली तर ब्लॉक तेवढा वर उचलला जातो. कॉम्प्रेशन उतरतं, पोर्ट, म्हणजे ब्लॉकमधली भोकं, लवकर उघडतात, आणि खालच्या रेसचा जोर जातो. डबलसीट घाट चढणाऱ्या गाडीला हे परवडत नाही.

सगळं जोडून झाल्यावर मी आईचं जुनं बीपीचं यंत्र घेतलं. कार्ब्युरेटरची जागा सायकलच्या ट्यूबचं रबर लावून बंद केली, पिस्टन तळाशी आणला, सायलेन्सरच्या तोंडाला बूच मारून त्यातून नळी घातली, आणि फुगा दाबला. २५० पर्यंत चढवलं. त्याहून जास्त हवेने सील उलटण्याची भीती. पारा उतरू लागला. साबणाचं पाणी लावल्यावर ब्लॉकच्या बुडाशी बारीक बुडबुडे. चेंबरच्या मधल्या पॅकिंगची कड तिथे जराशी वर राहते, ती नव्या ब्लेडने सपाट छाटायची असते. मी एका बाजूची छाटली होती, दुसरी विसरलो होतो.

ब्लॉक पुन्हा काढला. कड छाटली, खालचं पॅकिंग नवं घातलं, परत फुगा. यावेळी मी चहा पिऊन आलो तरी पारा २५० लाच होता. बाबा शेजारी स्टुलावर बसून यंत्राकडे बघत होते. म्हणाले, "माझं कधी इतकं स्थिर नव्हतं."

आईने ते यंत्र परत घेतलं नाही. फुग्याला गिअर ऑइलचा वास येतो म्हणते.