गच्चीवरच्या नांदुर्कीचे कोटेशन

भोसरीतल्या एका लहान मशिन शॉपमध्ये मी गेली १९ वर्षे कॉस्टिंगचे काम करतो. ड्रॉइंग समोर आले की कच्चा माल किती, कोणत्या मशिनवर किती मिनिटे आणि रिजेक्शन, म्हणजे वाया जाणारा माल, किती धरायचे हे मांडून संध्याकाळपर्यंत कोटेशन पाठवणे ही माझी रोजीरोटी आहे. असे असूनही गेल्या जानेवारीत, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून परतताना आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आलेल्या एका परिचित गृहस्थांनी गच्चीवरच्या नांदुर्कीकडे (वडाच्या कुळातल्या या झाडाचे मी उथळ कुंडीत बॉन्साय केले आहे) बोट दाखवून "ही कितीला द्याल?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. "साडेतीन हजार देतो," असे तेच पुढे म्हणाले, आणि तो आकडा जास्त आहे की कमी हेही मला कळेना. गच्चीवर बॉन्सायच्या ९० कुंड्या झाल्यामुळे काही झाडे विकायची हे घरात ठरलेलेच होते. अडले होते ते फक्त दरापाशी.

त्या रविवारी मी ऑफिसात वापरतो तसाच कागद घेतला आणि नांदुर्कीचे कॉस्टिंग मांडले. हे रोप मी २०१८ मध्ये उरुळी कांचनच्या एका रोपवाटिकेतून १२० रुपयांना आणले होते. आधी ते तीन वर्षे खेड शिवापूरला सासऱ्यांच्या शेतात, जमिनीत वाढले. २०२१ च्या पावसाळ्यात उकरून ते कुंडीत घेतले. मालाचा हिशोब सोपा निघाला: रोप १२०, सुरुवातीचा प्लॅस्टिकचा ट्रे १५०, आत्ताची सिरॅमिकची उथळ कुंडी ६५०, फांद्यांना वळण देण्याची ॲल्युमिनियमची तार १८०, आणि तीनदा भरलेले वीटचुरा, रेती व गांडूळखताचे मिश्रण प्रत्येक वेळी १०० प्रमाणे ३००. एकूण १,४०० रुपये.

खरी मेख तासांत होती. छाटणीला वर्षाला दोन तास म्हणजे चार वर्षांचे आठ, तार गुंडाळण्याचे दोन वेळांचे मिळून सहा, मुळे छाटून कुंडीत बसवण्याचे तीन. पाण्याचे काय, हा प्रश्न मी बरेच दिवस टाळत आलो होतो, कारण रोज सकाळी गच्चीवर जाणारा वेळ पाहिला की कोणतेही झाड परवडणारे नाही असेच वाटते. पण ९० कुंड्यांना पाणी द्यायला मला २५ मिनिटे लागतात, म्हणजे एका कुंडीला १७ सेकंदसुद्धा नाहीत. पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर चार वर्षांत या एका झाडाच्या पाण्यावर माझे जेमतेम साडेचार तास गेले. सगळे मिळून साडेएकवीस तास. माझ्या हाताला तासाला १५० रुपये हा दर मी स्वतःच लावला. आमच्या शॉपमधला चांगला फिटर तो ऐकून हसेल, पण छंदाच्या कामाला त्याहून अधिक मागायची मला हिंमत झाली नाही. मजुरी झाली ३,२२५, आणि मालासकट ४,६२५.

राहिले रिजेक्शन. त्या खेपेला आणलेल्या १२ रोपांपैकी तीन वाया गेली. ती बहुतेक पहिल्याच वर्षी गेल्याने त्यांच्यावर फार खर्च झालेला नव्हता, म्हणून सरसकट भार न टाकता १५ टक्के धरले. आकडा आला ५,३१९. मी ५,३०० केला. जिवंत झाडांवर जीएसटी शून्य असल्यामुळे त्यावर आणखी काही चढवायचे नव्हते.

हा कागद पाहताना माझ्या लक्षात आले की झाडाचे वय त्यात कुठेच आलेले नाही. बॉन्साय पाहणारा माणूस पहिला प्रश्न "किती वर्षांचे?" हाच विचारतो आणि विकणाराही वर्षांवरच भाव सांगतो, पण वर्षे सगळी सारखी नसतात. खोड जाड होते ते मुळांना मोकळी जमीन आणि शेंड्याला वाढायची मुभा मिळाल्यावर. या नांदुर्कीचा बुंधा वर्निअरने मोजला तेव्हा ५८ मिलिमीटर भरला, आणि त्यातली बरीचशी जाडी शेतातल्या तीन वर्षांत, मी महिन्यातून एकदा जाऊन नुसता पाहत असताना आलेली आहे. कुंडीत शिरल्यापासून खोड फारसे वाढलेले नाही. वाढले आहे ते माझे काम. त्यामुळे वर्षे न मोजता हाताचे तास मोजायचे, असे मी ठरवले.

हे सूत्र लहान झाडांपाशी अडखळले. माझ्याकडे सहा इंचांची एक कामिनी आहे. तिची कुंडी चहाच्या कपाएवढी, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकला की तिला सकाळ-संध्याकाळ पाणी लागते आणि एक वेळ चुकली तरी पाने करपतात. तिच्यावर गेलेले तास नांदुर्कीच्या जवळपास आहेत, पण शेजारच्या काकूंनी तिची किंमत ऐकून "अगं बाई, एवढ्याशा झाडाला चार हजार?" असे म्हटले, आणि त्यांचे चुकले असेही मला म्हणवत नाही. बाजारात आकाराला पैसे मिळतात, जागरणाला नाही. उलट मी जमिनीतून काढून फक्त एकदा मूळ-छाटणी केलेली, अजून आकार न दिलेली झाडे ५०० रुपयांना ठेवली तर ती लगेच उचलली जातात आणि माझ्या पदरात खरोखर काही पडते. तेव्हा छोटी झाडे विकायची नाहीत आणि अर्धवट तयार झाडे भरपूर करायची, हा पहिला व्यावहारिक निर्णय झाला.

दुसरा निर्णय दोषांचा. एका वडाच्या फांदीवर मी अडीच मिलिमीटरची तार जूनमध्ये गुंडाळली आणि आषाढ-श्रावणात पाहायचे राहून गेले. वड, नांदुर्की यांसारखी झाडे पावसाळ्यात अशी काही भरतात की पाचसहा आठवड्यांत तार सालीत रुतते; मी कापून काढली तेव्हा फांदीभोवती स्क्रूच्या आट्यांसारखी खाच उठली होती. गिऱ्हाइकाला ती कलाकुसर वाटते, आणि एकाने तर "हे मुद्दाम केले आहे का?" असे कौतुकाने विचारले. मी खरे सांगितले आणि किमतीतून एक चतुर्थांश कमी केले. आमच्या शॉपमध्ये खाच पडलेला नग रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, जातो. इथे रिवर्क म्हणजे तीनचार वर्षे.

किमतीत आणखी एक गोष्ट धरावी लागते हे मी एक जेड (जाड, रसदार पानांचे झाड) गमावून शिकलो. ती विकली होती १,८०० ला. दीड महिन्यात तिची पाने गळून बुंधा मऊ पडल्याचा फोटो आला. एसीच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, उन्हाशिवाय आणि रोज पाणी घालून ठेवली होती. तेव्हापासून मी मोठ्या झाडाबरोबर पहिल्या वर्षी घरी येऊन झाड पाहण्याची एक फेरी आणि एक कुंडीबदल देतो. नांदुर्कीच्या तासांत मात्र हे धरायला मी विसरलोच.

मात्र सगळा हिशोब मोडला तो एका पिंपळाने. पेठेतला एक वाडा पाडत असताना विटा आणि चुन्याच्या सांध्यातून तो मी काढला, मुकादम म्हणाला, "न्या की, नाहीतर जेसीबीखाली जाणारच आहे." त्याची मुळे दोन विटांमध्ये दाबून चपटी झालेली आहेत, अगदी भाकरीच्या कडेसारखी, आणि भिंतीत तो किती वर्षे होता कोण जाणे. कागदावर त्याची किंमत १,९०० येते. एका संग्राहकाने १२,००० सांगितले. घरातल्या वडीलधाऱ्यांचा मुंजामुळे पिंपळाला विरोधच आहे, त्यामुळे तो जाणे सर्वांना सोयीचे होते. तरीही मी अडलो. तासांचे सूत्र मीच लावले आहे, तर भिंतीने केलेल्या कामाचे पैसे मी कोणत्या हिशोबाने घ्यावेत? बराच विचार करून मी कागदावर एक रकाना वाढवला: हे झाड मला पुन्हा करता येईल का? नांदुर्की येईल, सात वर्षांत, जवळपास तशीच. पिंपळ येणार नाही, कारण तो वाडाच राहिलेला नाही. जपानमध्ये २०१९ साली सैतामा प्रांतातल्या एका बागेतून ४०० वर्षांचा, एक कोटी येन किमतीचा शिंपाकू जुनिपर (एक सूचिपर्णी बॉन्साय) चोरीला गेला, तेव्हा मालकांनी चोरांना उद्देशून जाहीर विनंती केली ती त्याला पाणी घालत राहण्याची. किमतीचा आकडा असूनही भरपाई होत नाही अशी झाडे असतात. माझा पिंपळ त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण रकाना तोच. तो सध्या विकायचा नाही.

वटपौर्णिमेआधी सोसायटीतल्या काही जणींनी पूजेसाठी कुंडीतला वड विकत मागितला. मागणीचा मोसम नेमका मुळे छाटण्याच्या मोसमावर येतो, आणि नुकतीच मुळे कापलेले झाड मी त्या दिवसांत कोणालाही देत नाही. मी त्यांना न छाटलेला वड दोन दिवस वापरायला दिला, पैसे न घेता. परत आला तेव्हा खोडाला सुताचे बरेच फेरे होते, ते सोडवायला अर्धा तास लागला.

त्या गृहस्थांना मी ५,३०० चे कोटेशन पाठवले, खाली मालाचा आणि तासांचा तपशील देऊन. त्यांनी तो नीट वाचला असावा, कारण फोन करून ते म्हणाले, "अहो, कुंडी माझ्याकडे आहे, तुमची काढून हिशोब करा." ६५० वजा करून, त्यावर १५ टक्के धरून ४,५७१ आले आणि सौदा ४,५५० ला ठरला. जूनमध्ये त्यांच्या कुंडीत लावून, मुळे धरल्यावर जुलैअखेर ती त्यांना द्यायची आहे.