परदेशी वर्गमित्रांना घेऊन मळवलीला मुक्काम? आधी हे वाचा

मळवली स्टेशनजवळचे लोहगड, विसापूर हे गड आणि कार्ले, भाजे ही लेणी यांच्यावर वाचायला भरपूर मिळतं. सोबत परदेशी पासपोर्टवाले असतील तर काय होतं, हे मात्र मला कुठेच सापडलं नाही, आणि त्याचा मनस्ताप आम्ही पुरेपूर भोगला. पुण्यात शिकायला आलेल्या कुणाला घेऊन निघणार असाल तर तुमची तरी रात्र वाया जाऊ नये, म्हणून लिहितेय.

आमच्यात एक मैत्रीण इथिओपियाची, एक मित्र काबूलचा, बाकी आम्ही इथलेच. या दोघांचं पुणे म्हणजे कॉलेज, लायब्ररी आणि मेस. रविवारी रात्री मेसही बंद. इथे राहून सह्याद्री बघितलाच नाही, असं व्हायला नको होतं. सप्टेंबर संपत आला होता, शनिवारी सकाळची लोणावळा लोकल धरली आणि मळवलीला उतरलो.

दोन्ही लेणी मस्त झाली. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून छताच्या लाकडी कमानी बघाच, सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या जागेवर आहेत. तिकिटाचं तेवढं लक्षात ठेवा. कार्ले आणि भाजे दोन्हीकडे भारतीयाला 25 रुपये, परदेशी नागरिकाला 300. क्यूआरवरून भरले तर 20 आणि 250. सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतल्या, देशांच्या नागरिकांना भारतीय दर लागतो आणि अफगाणिस्तान सार्कमध्ये आहे. खिडकीवर चेहरा बघून थेट तीनशे सांगितले. मित्राने पासपोर्ट पुढे केला, मी नियमाचा बोर्ड दाखवला, तेव्हा कुठे पंचवीसचं तिकीट फाटलं. कॉलेजचं आयकार्ड दाखवून हे काम होत नाही, मूळ पासपोर्ट लागतो.

आता मुक्काम. गडाच्या पायथ्याजवळ एका घरगुती निवासात मी आठवडाभर आधी फोनवर बोलले होते. दोघे कुठल्या देशाचे आहेत, हे नावानिशी सांगितलं होतं. "या ना ताई, काही प्रॉब्लेम नाही," असं ऐकून ॲडव्हान्सही पाठवला. संध्याकाळी दारात पोचलो, बॅगा उतरवल्या, पाणी प्यायलो. मालकांनी पासपोर्ट हातात घेतला, दोन पानं उलटली आणि परत दिला. "फॉरेनवाले नाही ठेवता येणार. पोलिसांची कटकट होते." बाकीच्यांनी राहा, म्हणे, या दोघांची सोय लोणावळ्यात बघा. मैत्रिणीला मराठी येत नाही, पण पासपोर्ट परत आला तेव्हाच ती समजली. तिने गुपचूप बूट घालायला घेतले. ॲडव्हान्स अजून परत आलेला नाही.

नियम असा आहे: परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की त्याची माहिती मालकाने 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायची. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. परदेशी माणसाला ठेवायला बंदी नाही, फक्त नोंद करायची आहे. पण बऱ्याच छोट्या ठिकाणी त्यासाठीचं लॉगिनच काढलेलं नसतं, आणि मग दारातून परत पाठवणं त्यांना सोपं पडतं. म्हणून फोनवर "फॉरेनर चालतील का" असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्याकडे सी फॉर्म भरतात का" असं विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरीकडे बघा. हो म्हणाले तर तेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मगच पैसे पाठवा. पासपोर्ट, व्हिसा आणि रेसिडेन्स परमिट यांच्या झेरॉक्स जवळ असू द्या.

अंधारात रिक्षावाल्याने लोणावळ्यापर्यंतचे तोंडाला येतील तेवढे मागितले, आम्ही दिले. दुसरा इलाज नव्हता. स्टेशनजवळच्या लॉजवर नोंद पाच मिनिटांत झाली, मात्र वीकेंडचा भाव म्हणून बजेटच्या दुप्पट गेले. पाच मिनिटांच्या कामासाठी दोन माणसांना रात्री दाराबाहेर काढलं, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

रविवारी लोहगड. पायऱ्या सोप्या, चारही दरवाजे भक्कम, पण 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या या गडावर सुट्टीच्या दिवशी महादरवाजापर्यंत रांगच असते. नऊच्या आत वर पोचला नाहीत तर जाऊ नका. गायमुख खिंडीतून विसापूरची वाट धरली की गर्दी संपते. पुढे झाडीत वाटा फुटतात आणि शेवटी दगडधोंड्यांची घळ लागते. पाऊस असला की ती घळ म्हणजे ओढाच. आमच्या वेळी पाणी घोट्याएवढं होतं, दगड शेवाळलेले. चढताना निभावतं, उतरताना हात टेकायला कोरडी जागा सापडत नाही. चांगल्या ग्रिपचे बूट नसतील तर पावसात विसापूर सोडून द्या. वर मात्र लांबच लांब तटबंदी, भलंमोठं पठार आणि माणूस नाही. काबूलचा मित्र तटावर बसला तो उठायलाच तयार नव्हता, त्याच्या घराकडच्या डोंगरांबद्दल बोलत राहिला. रात्रभराचा शीण तिथे उतरला.

परतीला दुपारच्या लोकलमध्ये मोठी गॅप असते, वेळ आधी बघून गड उतरा. आणि खरं सांगायचं तर लोहगड-विसापूरला मुक्कामाची गरजच नाही. पहाटेच्या लोकलने निघा, एका दिवसात दोन्ही गड होतात. लेणी दुसऱ्या वीकेंडला ठेवा.