आतला रंग बाबालाही दिसला पाहिजे

येणारं बाळ मुलगा की मुलगी हे पाहुण्यांना सांगायचं असेल तर ते खाण्याच्या पदार्थातून सांगावं, असं माझं ठाम मत आहे. या प्रथेची, म्हणजे 'जेंडर रिव्हील' पार्टीची, सुरुवातही तशीच झाली. २००८ साली जेना कार्व्हुनिडिस या अमेरिकी ब्लॉगर बाईंनी केकच्या थरांमध्ये गुलाबी आयसिंग भरलं आणि केक कापल्यावर सगळ्यांना कळलं की मुलगी आहे. एवढंच होतं ते. पुढे लोकांनी त्यात धूर आणला, स्फोट आणले. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका समारंभातल्या धुराच्या नळकांड्यामुळे वणवा पेटला, ९ हजार हेक्टरांहून जास्त भाग जळला आणि आग विझवणाऱ्या एका जवानाचा जीव गेला. हे वाचल्यापासून मला या गोष्टीचं फार वाटतं. बाळाची बातमी अशी असावी की जवळच्या माणसांनी टेबलाभोवती उभं राहून एक घास घ्यावा आणि आत रंग दिसावा.

आधी एक महत्त्वाचं. भारतात जन्माआधी गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो कायदा का करावा लागला हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो हवाच. मी हे पदार्थ केले ते माझ्या नणंदेसाठी. ती परदेशात राहते, तिथे डॉक्टर हे सांगतात. भारतातल्या कोणाला करायचे असतील तर बाळ जन्मल्यावर करावेत. लांबच्या ज्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही, त्यांच्यासाठी ते तितकेच मजेचे होतात, आणि तोवर आईलाही चार घास मोकळेपणाने खाता येतात.

तर, डॉक्टरांनी मुलगा की मुलगी हे लिहून दिलेलं पाकीट माझ्याकडे आलं. "वहिनी, आता तूच. आम्हाला दोघांनाही काही सांगायचं नाहीस," असं म्हणून नणंदेने ते माझ्या हातात दिलं. तिचा नवरा शेजारीच उभा होता. त्याला लाल रंग नीट दिसत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. पिकलेलं फळ कोणतं आणि कच्चं कोणतं हे तो तिला विचारतो. ही गोष्ट पुरुषांमध्ये बायकांपेक्षा खूप जास्त आढळते, कारण तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषांकडे एक्स एकच. अशा माणसाला फिका गुलाबी रंग राखाडी किंवा निळसर दिसू शकतो. म्हणजे नेहमीचा गुलाबी-निळा ठेवला असता, तर खोलीतल्या सगळ्यांना कळलं असतं आणि बाबाला इतरांच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागलं असतं.

म्हणून मुलीसाठी पिवळा आणि मुलासाठी निळा ठरवला. लाल-हिरव्याचा फरक ज्यांना जाणवत नाही, त्यांनाही या दोन रंगांतला फरक स्वच्छ दिसतो. गुलाबी म्हणजे मुलगी हे काही कुठे कोरलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलग्यांना गुलाबी घाला असाही सल्ला छापला जायचा. दारातच एक पाटी ठेवली, त्यावर दोन्ही रंग रंगवले आणि खाली 'मुलगी', 'मुलगा' लिहिलं. रंग बदलले तर ही पाटी हवीच, नाहीतर घास घेतल्यावर लोक एकमेकांकडे बघत राहतात. पार्टीच्या आधी दोन्ही रंगांचे नमुने पांढऱ्या बशीत ठेवून त्याला दाखवले. "हे दोन वेगळे आहेत, लांबूनही," असं तो म्हणाला, तेव्हा मी निश्चिंत झाले.

आता मुख्य काम. दोन पदार्थ ठरवले: आत क्रीम भरलेले कपकेक आणि आतून भरलेले डार्क चॉकलेटचे गोळे. बाहेरून दोन्ही तपकिरी, म्हणजे आतलं काही डोकावायचा प्रश्न नाही. पांढऱ्या चॉकलेटचं वेष्टन दिसतं छान, पण आत गडद निळं असेल तर पातळ जागी त्याची सावली दिसते.

निळा रंग करणं दिसतं तितकं सोपं नाही. लोणी मुळात पिवळसर असतं. त्यात निळा घातला की हिरव्याकडे झुकतो. उपाय दोन. साखर घालण्याआधी नुसतं लोणी बीटरने भरपूर फेटायचं. हवा शिरली की ते पांढुरकं होत जातं. आणि निळ्याबरोबर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच जांभळा रंग घालायचा, तो पिवळेपणा मारतो. जांभळा जरा जास्त झाला की सगळं थेट राखट होतं, म्हणून टोकावरच घ्यायचा. प्रमाण नेहमीचंच: २५० ग्रॅम लोण्याला ५०० ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर व्हॅनिला, चिमूटभर मीठ, लागलं तर दूध. जेलचा रंग वापरावा. पातळ रंग भरमसाट ओतावा लागतो आणि क्रीम सैल पडतं.

रंग घातल्या घातल्या गडद करायला जाऊ नये. बटरक्रीममध्ये रंग मुरायला वेळ लागतो, रात्रभर ठेवलं की तो आपोआप चढतो. घाई असेल तर रंगवलेल्या क्रीमचा चमचा-दोन चमचे भाग मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद वितळवून पुन्हा उरलेल्यात फेटायचा. कमी रंगात जास्त खुलतो. मला हे फार आवडतं, कारण रंग जितका कमी तितकी चव चांगली, आणि फोटोत पाहुण्यांचे दात निळे येत नाहीत.

पिवळ्याची अडचण उलटी. लोणीच पिवळसर, त्यामुळे फिका पिवळा रंग साध्या क्रीमसारखाच दिसतो आणि लोक विचारतात, "यात रंग कुठाय?" तो ठसठशीत हवा, झेंडूकडे झुकलेला. हळद घालायचा मोह होतो, पण तिचा वास लपत नाही. शिवाय ती सोड्याशी गाठ पडली की लालसर होते, त्यामुळे केकच्या पिठात तर नकोच. पिवळ्या जेलमध्ये केशरी रंगाचा एक टिपका घातला की काम होतं.

लेमन कर्ड भरावं असं मनात आलं होतं. मूळचंच सुरेख पिवळं, रंगाची गरजच नाही. पण मग पिवळ्याला लिंबाचा वास आणि निळ्याला व्हॅनिलाचा. ताटाजवळ नाक नेणाऱ्या एखाद्या मावशीला चावण्याआधीच कळायचं. दोन्ही रंगांना चव एकच असली पाहिजे, हा माझा नियम. यामुळे आणखी एक फायदा झाला: नणंदेला चव बघायची होती, तर तिला रंग न घातलेलं पांढरं क्रीम चाखवता आलं. "गोड कमी कर," म्हणाली, म्हणून मीठ थोडं वाढवलं आणि कपकेक लहान साच्यात केले.

ती गरोदर आहे हे प्रत्येक पायरीला डोक्यात ठेवावं लागतं. कच्च्या अंड्याचं आयसिंग नाही, कच्च्या दुधाचं काही नाही. गोकर्णाच्या फुलांचा निळा मला मनापासून आवडतो. साध्या पाण्यात निळाशार आणि लिंबू पिळलं की जांभळा होतो, सरबतात तर तो जादूच करतो. पण गरोदरपणात अशी फुलं आणि अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, म्हणून ते बाजूला ठेवलं. बिटाचाही विचार पुष्कळजण करतात. तो रंग उष्णतेत टिकत नाही, भट्टीतून बाहेर येईपर्यंत मातकट होतो. ज्यांना गुलाबीच हवा त्यांनी फ्रीझ ड्राय केलेल्या स्ट्रॉबेरीची किंवा रासबेरीची पूड क्रीममध्ये घालावी. मात्र मग चवीचा नियम पाळायला दुसऱ्या रंगाच्या क्रीमलाही तोच स्वाद द्यावा लागेल.

स्पंज कोको घातलेला केला. पिवळा त्यावर झळकतो. निळ्यासाठी मात्र एक युक्ती वापरली: एक कपकेक कापून फोनवर फोटो काढला आणि तो कृष्णधवल करून पाहिला. गडद निळा असेल तर अशा फोटोत तो केकमध्ये विरघळून जातो, म्हणजे संध्याकाळच्या दिव्यातही तो कोणाला दिसणार नाही. म्हणून निळा स्वच्छ आकाशी ठेवला. रंगांच्या कुठल्याही कामात हा कृष्णधवल फोटो करून बघावा, डोळ्यांना सवय झाली की फरक कळेनासा होतो.

कपकेक पूर्ण गार झाल्याशिवाय पोखरायचे नाहीत. कोमट असताना कडा चुरतात आणि क्रीम पाघळतं. नोझलच्या रुंद तोंडाने किंवा छोट्या सुरीने मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर रुंद खड्डा करायचा, तळाला निदान एक सेंटिमीटर केक राहू द्यायचा. काढलेला तुकडा फेकायचा नाही. क्रीम काठापर्यंत न भरता थोडं खाली ठेवायचं, त्या तुकड्याचा वरचा भाग झाकणासारखा बसवायचा आणि वर चॉकलेटचं क्रीम. वर पांढरं क्रीम घातलं तर ओलाव्याने खालचा रंग हळूहळू वर चढू शकतो, विशेषतः आदल्या दिवशी भरून ठेवलं तर. कागदी वाट्याही जाड आणि गडद घ्याव्यात, पातळ कागद तेलाने पारदर्शक होतो.

चॉकलेटच्या गोळ्यांसाठी सिलिकॉनचा अर्धगोल साचा. डार्क चॉकलेट टेम्पर करून, म्हणजे वितळवून, थंड करून आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून, त्याचे दोन हात द्यायचे. साचा उजेडासमोर धरला की पातळ जागा लगेच दिसतात, तिथे आणखी थोडं लावायचं. आत पांढऱ्या चॉकलेटचं गनाश: तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम. इथे रंगाची एक गोष्ट लक्षात असू द्या. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याच्या अंशाचा जेल रंग घातला तर ते गोळा होऊन रवाळ बसतं, त्याला तेलातला रंगच लागतो. पण गनाशमध्ये क्रीमचं पाणी आधीच असल्यामुळे साधा जेल चालतो. गनाश अगदी कोमटाखाली आल्यावरच साच्यात ओतावं, नाहीतर कवच वितळतं.

आणि गुपित. स्वयंपाकघरात गुपित राखणं हे करण्याइतकंच कष्टाचं आहे, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त आनंद झाला. त्या घरात आम्ही सगळे एकत्रच राहत होतो, म्हणून मी दोन्ही रंगांचं क्रीम सारखंच केलं. दोन वाडगी, दोन चमचे, दोन पायपिंग बॅगा. सिंकमध्ये निळाही सांडला आणि पिवळाही, कचऱ्यात दोन्ही रंगांचे टिशू. बोटांवरचा रंग साबणाने जात नाही, त्यामुळे हातमोजे घातले. नणंद दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने आत आली. दोन्ही वाडगी ओट्यावर उघडी बघून हसली आणि पोटावर हात ठेवून परत गेली. भरायची वेळ आली तेव्हा मात्र दार लावून घेतलं.

दोन्ही रंग तितक्याच जीव लावून करायचे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एक सुंदर आणि दुसरा कसाबसा असं झालं तर करणाऱ्याच्या मनातली आवड उघडी पडते. पोरगी येवो की पोरगा, बशीत तितकंच देखणं काहीतरी उतरलं पाहिजे.

सगळ्यांनी एकदम चावायचं असं ठरलं होतं. लहान मुलांना कपकेकच दिले, गोळे नंतर कापून दिले, कारण अख्खा गोळा तोंडात घालून घशात अडकायची भीती असते. सुकामेवा कशातच नव्हता. तीन म्हटल्यावर सगळ्यांनी घास घेतला आणि सगळ्यांच्या आधी, आजीच्याही आधी, तिचा नवरा ओरडला, "पिवळा! मुलगी!" नणंदेच्या तोंडात अजून घासच होता.

उरलेल्या निळ्या क्रीमचं काय केलं असं बऱ्याच जणी विचारतात. बटरक्रीम हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा फेटायचं, आधी फुटल्यासारखं दिसतं पण फेटत राहिलं की सावरतं. आमचं एवढं टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला नणंदेने बिस्किटांना लावून लावून ते संपवलं.